लाईन नंबर दोन

महापात्र साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"ती वाफ कुठली?"

मी फायलीतून मान वर काढली. गोदामाच्या पत्र्यामागून पांढरी वाफ सरळ वर चालली होती. गोदामाच्या पलीकडे आमचं एकच शेड होतं, लाईन नंबर दोनचं, आणि ती लाईन आठ महिने बंद होती. बंद आहे असं दिल्लीला मीच लिहून दिलं होतं, सहीशिक्क्यानिशी.

मी अंबेकर साहेबांकडे पाहिलं. अंबेकर आमच्या कारखान्याचे मॅनेजर. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं तयार असत. आत्ता त्यांचं बिस्कीट चहात बुडून तळाला गेलं होतं आणि ते नुसते कपात बघत बसले होते.

"चला, पाहून येऊ," महापात्र म्हणाले. ते हिंदीत बोलत. मी आठवेल तसं मराठीत सांगते आहे. "परांडेकर मॅडम, तुमचा तो फॉर्म बरोबर घ्या."

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. जालन्याच्या एमआयडीसीत मी कॉस्टिंगचं, म्हणजे मालाच्या खर्चाच्या हिशेबाचं काम बघत होते. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची एक पूड आम्ही बनवायचो. कोलीन क्लोराईड तिचं नाव. ती नसली तर कोंबडीचं लिव्हर बिघडतं, वजन धरत नाही. रसायन तयार करायचं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुग्यात मुरवायचं आणि वाळवायचं, एवढाच उद्योग. पण त्यातल्या एका कच्च्या रसायनाला सडक्या मासळीचा वास होता. तो कपड्यांत, केसांत, नखांत जाऊन बसे आणि कुठल्याही साबणाला दाद देत नसे. समुद्रापासून इतक्या लांब, आयुष्यात मासा न चाखलेले आमचे कामगार गावोगावी 'मासळीवाले' म्हणून ओळखले जात. एसटीचा कंडक्टर त्यांना मागच्या बाकावर पाठवी. लग्नात त्यांच्या शेजारची पानं रिकामी राहत. मी पक्की शाकाहारी. शेडकडे जायचं झालं की नाकाला रुमाल, आणि जायची वेळ शक्यतो मी येऊच देत नसे. कॉस्टिंग टेबलावर बसून होतं असं माझं त्या वेळचं ठाम मत होतं.

मग बाहेरच्या देशातून तीच पूड येऊ लागली, आणि तीही अशा भावात, की खुद्द तिकडच्या गिऱ्हाइकाला ती त्या भावात मिळत नव्हती. आपल्याकडच्या खाद्यवाल्यांनी साहजिकच तो माल उचलला. आमच्या दोन लाईनींपैकी एक बंद पडली. अशा वेळी सरकारकडे दाद मागता येते. माल खरंच अन्याय्य भावात येतोय का आणि त्यामुळे इथल्या कारखान्याचं खरंच नुकसान झालंय का, याची चौकशी होते. दोन्ही सिद्ध झालं तर त्या मालावर जादा कर बसतो. नाही झालं तर तुम्ही तुमच्या घरी. आमच्या बाबतीत घरी म्हणजे अगदी शब्दशः घरी. केस हरलो तर पहिली लाईनही बंद करणार, असं मालकांनी सांगून ठेवलं होतं. एकशे दहा माणसं होती. त्यातली एक मी.

नुकसानीचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे बंद पडलेली लाईन नंबर दोन. तिच्या उत्पादनाच्या रकान्यात मी आठ महिन्यांची आठ शून्यं ओळीनं लिहिली होती. ती खरी आहेत का, हे बघायला महापात्र दिल्लीहून आले होते.

आणि आता त्या शून्यांतून वाफ निघत होती.

अंगण ओलांडताना अंबेकर माझ्या कानाशी आले. "मी ट्रायल आहे म्हणून सांगतो. तुम्ही फक्त मान हलवा."

"पण चालू कोणी केली?"

"मला काय स्वप्न पडलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. आधी राग आला, मग शंका आली. हा माणूस माझ्या पाठीमागे लाईन चालवत असला तर? माल परस्पर बाहेर जात असेल आणि मी शहाणी टेबलावर बसून शून्यं गिरवत असेन! फॉर्मवर सही अंबेकरांची नव्हती, माझी होती. "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे," त्याखाली माझं नाव. माझी समजूत किती, ते मला त्या अंगणात कळत होतं.

शेडच्या दारात पाऊल टाकलं आणि मी थबकले.

दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. उंबऱ्यापाशी रांगोळी, तीही हिरव्या-पिवळ्या रंगाची. कठड्यांना नवा रंग दिला होता, तो अजून हाताला लागत होता. रसायन तयार व्हायच्या मोठ्या रिअॅक्टरच्या पोटाला झेंडूचा हार घातला होता आणि आतला ढवळा, म्हणजे रसायन घुसळणारं पातं, घरघर फिरत होता. वरच्या नळीतून वाफ जात होती. बाजूचा ड्रायरही गरगरत होता. सहा कामगार इस्त्रीचे कपडे घालून ओळीनं उभे होते आणि त्यांच्या पुढे साळुबामामा.

साळुबा खरात हा लाईन दोनचा पहिल्या दिवसापासूनचा ऑपरेटर. सगळा कारखाना त्याला मामा म्हणे. लाईन बंद झाल्यापासून मालकांनी त्याला नि त्याच्या माणसांना झाडलोट, गवत काढणं अशा कामांवर ठेवलं होतं. आज त्यानं दाढी केली होती. महापात्र दिसताच त्यानं हात जोडले.

"या साहेब, या."

महापात्रांनी रांगोळीला वळसा घातला, हाराकडे पाहिलं, फिरत्या ढवळ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला फॉर्म घेऊन पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "लाईन क्रमांक दोन. ऑक्टोबरपासून पूर्णपणे बंद." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सही तुमची. आता तुम्हीच सांगा, हा कागद खोटा, की हे मशीन?"

सवयीनं मी रुमाल काढला, आणि तो नाकाशी नेता नेता माझा हात थांबला.

"साहेब, वास नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ही लाईन चालू असली की मला दारात उभं राहवत नाही. आत्ता मी आत येऊन उभी आहे आणि रुमाल हातात आहे."

महापात्रांनी नाक वर करून हवा ओढली. एकदा, दोनदा. "मी बालेश्वरचा, ओडिशाच्या किनाऱ्यावरचा," ते म्हणाले. "आमच्या घरासमोर होड्या लागतात. सकाळी तुमच्या पहिल्या शेडमध्ये गेलो तेव्हा मला गाव आठवलं." त्यांनी पुन्हा वास घेतला. "इथे फिनेलचा वास येतोय."

माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात अंबेकर पुढे झाले.

"ट्रायल आहे, साहेब. आजच घेतली. एक निर्यातीची ऑर्डर येऊ घातली आहे, म्हणून म्हटलं..."

महापात्रांनी पेनाचं टोपण लावलं. "ऑर्डर येऊ घातली आहे, मग तुमचं नुकसान कुठे होतंय? आणि फॉर्ममध्ये तिचा उल्लेख का नाही? मॅडम, अशी काही ऑर्डर आहे?"

अंबेकर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली होती.

"नाही," मी म्हणाले.

अंबेकरांचा चेहरा पडला. महापात्रांचा आवाज मात्र चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "कागद म्हणतो बंद. मशीन म्हणतं चालू. मॅनेजर म्हणतात ऑर्डर. एका लाईनीच्या तीन गोष्टी. मग बाकीच्या चारशे पानांवर मी काय म्हणून विश्वास ठेवू? मी आज संध्याकाळीच परत जातो. यांची माहिती भरवशाची नाही एवढंच मला लिहावं लागेल."

ते वळले. पुढे काय होणार ते मला अगदी स्पष्ट दिसलं. एका वाक्यात केस निकालात. एकशे दहा माणसं घरी. शेडमध्ये ढवळ्याची घरघर तेवढी चालू होती.

मग तीही थांबली. साळुबामामानं लाल बटण दाबलं होतं.

"साहेब, म्या चालवलं," तो म्हणाला.

महापात्र थांबले.

"ट्रायल नाई आन काई नाई. आत पानी हाये. नुसतं पानी. अन् त्या ड्रायरमधी कोरडा भुगा फिरून राहिलाय." त्यानं एक बादली ओढली, रिअॅक्टरच्या तळाचा नळ सोडला. बादलीत वाफाळतं पाणी पडलं, विहिरीचं असावं तसं स्वच्छ. "रोज धुतो म्या याला. आठ महिने झाले. काम नसलं म्हून काय झालं."

"चालवायला कोणी सांगितलं?" अंबेकर ओरडले. महापात्रांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"का चालवलंत?" त्यांनी विचारलं.

मामानं आधी नळ बंद केला. मग म्हणाला, "साहेब, पोरगी दाखवायची असली तर तिला न्हाऊमाखू घालतेत. चांगलं लुगडं नेसवतेत. आजारी हाये म्हून हातरुणात दावतेत का कोनी? मला वाटलं, मशीन चालतंय का भंगारात घालायचं, हे बघाया तुमी येऊन राहिले. म्हणलं, चालवून दावू. एकोनीस वर्सं चालवलंय, साहेब. तुमच्यासमोर मेल्यावानी पडलेलं कसं दावू?"

कोणी हसलं नाही. मला वाटतं तोरणाची पानं सकाळी त्याच्या बायकोनंच आणून दिली असावीत.

"पण मी मशीन चालतं की नाही हे बघायला येतोय, असं तुम्हाला सांगितलं कोणी?" महापात्रांनी विचारलं.

साळुबामामानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तेवढ्या वेळात मला सगळं आठवलं.

चार दिवसांपूर्वी तो माझ्या टेबलापाशी आला होता. चपला बाहेर काढून. "मॅडम, दिल्लीवाले येऊन काय बघनार?" मी बेरजेत होते. मान वर न करता म्हणाले होते, "सगळं बघणार, मामा. तुमची लाईन दोन तर आधी बघणार. तिच्यावरच सगळं आहे." आणि पान उलटलं होतं. तो जरा वेळ उभा राहिला होता, मग गेला होता. सहा महिने मी दिल्लीच्या लोकांना पानंच्या पानं समजावून लिहीत होते. ज्याची लाईन, त्याला दोन वाक्यं जास्त सांगायला मला सवड झाली नव्हती.

"कोनी नाई, साहेब," मामा म्हणाला. "माझंच डोस्कं."

मी काहीच बोलले नाही. बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

महापात्र त्याच्या जवळ गेले. "हात द्या," म्हणाले. मामानं पँटला पुसून उजवा हात पुढे केला. साहेबांनी आधी स्वतःचा तळवा नाकाशी नेला. "सकाळी पहिल्या शेडमध्ये एकाशी हात मिळवला होता. तीनदा धुतला, तरी येतोय," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मामाचा तळवा हातात घेतला, वाकले आणि त्याचा वास घेतला. दिल्लीचा अधिकारी, गळ्यात टाय, आणि पुढ्यात कामगाराचा घट्टे पडलेला हात.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मामाला प्रश्न बरोबर कळला. "दिवाळीनंतर कमी व्हत गेला. संक्रांतीला पार गेला. बायकोला पयले आनंद झाला. कंडक्टरबी पुढं बसवाया लागला. भाचीच्या लग्नात पंगतीत लोक शेजारी बसले." मागची सहा माणसं खाली बघत होती. "मंग एक दिस बायको म्हणली, आवो, तुमच्या अंगाला आता कशाचाच वास येत नाई. आन रडाया लागली."

महापात्रांनी त्याचा हात हळूच सोडला.

"वास अहवालात लिहिता येत नाही," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मोजमाप लिहिता येतं. टाकीत किती रसायन आहे, ते मोजून दाखवा. मोजणाऱ्या तुम्ही, बघणारा मी."

त्या दिवशी मी पहिल्यांदा टाकीच्या शिडीवर चढले. साडीचा पदर खोचून, हातात टेप घेऊन. कच्चं रसायन किती आलं, पहिल्या लाईनीला किती गेलं, टाकीत किती उरलं. गोदामातल्या भुग्याची पोती, विजेच्या मीटरचे आकडे, सगळं. महापात्र एकेक आकडा स्वतः वाचत आणि स्वतःच्या वहीत उतरवत. दिवेलागणीला त्यांनी वही मिटली. लाईन दोनच्या वाट्याला चिमूटभरही माल गेलेला नव्हता. माझी आठही शून्यं खरी होती. त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि उरलेले दोन दिवस बाकीची पानं तपासली.

जाताना ते म्हणाले, "मॅडम, तुमचा फॉर्म चांगला होता. पण तो तुमच्या त्या मामाला कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता."

चौथ्या दिवशी अंबेकरांनी मामाला मेमो दिला. परवानगीशिवाय यंत्र चालवलं, कंपनीचं हित धोक्यात आणलं. एक प्रत माझ्याकडे आली. मी ती पंच मारून फाईलला लावली. महिन्याभरात स्वेच्छानिवृत्तीचा कागद त्याच्यासमोर आला आणि त्यानं खाली वळणदार सही केली. मी तेव्हाही बोलले नाही. केसचा निकाल लागायचा आहे, उगाच आत्ता गडबड नको, असं मी स्वतःला समजावलं. मनाला समजवायचं म्हटलं की कारणं कमी पडत नाहीत.

पुढच्या वर्षी निकाल लागला. माल अन्याय्य भावात येत होता, नुकसान झालं होतं. जादा कर बसला. ऑर्डरी परतल्या आणि मार्चमध्ये एका सकाळी लाईन दोन सुरू झाली. या वेळी आत पाणी नव्हतं. मी दारापर्यंत गेले, रुमाल पर्समध्येच ठेवला आणि आत शिरले. डोळ्यांत पाणी आलं, तरी ड्रायरमधून पहिली पूड पडेपर्यंत मी उभी राहिले. पडली तशी गरम गरम ओंजळीत घेतली. तिथून रिक्षा करून, वाटेत पेढे घेऊन, मी मामाच्या वस्तीवर गेले. रिक्षावाल्यानं दोन्ही बाजूंचे पडदे वर बांधले आणि वाटभर मान बाहेर काढूनच रिक्षा चालवली.

मामा अंगणात बाजेची सुतळी आवळत बसला होता. मला बघून उठायला लागला.

"बसा, मामा," मी म्हणाले. येताना वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. "त्या दिवशी साहेबांनी विचारलं, कोणी सांगितलं म्हणून. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मीच तुम्हाला अर्धवट सांगितलं होतं."

"मला काय ठाऊक नव्हतं का, ताई?" त्यानं सुतळीला गाठ मारली. "आन बोलल्या असत्या तर काय झालं असतं? साहेब म्हणला असता, ही बाईच शिकवून राहिली मानसाला. कागद फेकला असता त्यानं. कागदावर सही तुमची व्हती. माझी कुठं सही व्हती? माझं गेलं तर माझंच गेलं."

तो हे इतकं साधेपणानं म्हणाला की मला रडू फुटलं. आठ महिने गवत काढणाऱ्या माणसानं, त्या एका क्षणात, माझ्यापेक्षा आधी सगळा हिशेब केला होता. आणि मी समजत होते की मी गप्प राहिले म्हणून वाचले.

"घ्या, तोंड गोड करा," मी कशीबशी म्हणाले आणि पेढा पुढे केला.

मामानं पेढा घेतला, तोंडाशी नेला आणि थांबला. पेढ्याचा वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. पेढा बाजेवर ठेवून त्यानं माझा हात धरला, तळवा उलटा केला आणि नाकाशी नेला. मी हात मुद्दामच धुतला नव्हता.

"चालू झाली?"

मी मान हलवली.

"अगं ए!" तो घराकडे तोंड करून ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "भाईर ये! पिठाचे हात असू दे, तशीच ये!"

मामी कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. मामानं काही न सांगता माझा हात त्यांच्यापुढे धरला. त्या बावरल्या, माझ्याकडे बघितलं, मग वाकल्या. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"हाच," त्या म्हणाल्या.